स्प्रिंगांची सायकल, खामगाव ते लोणार

पुण्याहून निघालो त्या दिवशी गणूकाकांनी सायकलीला पोतं गुंडाळलं, सुतळीची गाठ मारली, सोडली आणि पुन्हा मारली. गणूकाका म्हणजे आमच्या सायकलींच्या कारखान्यातले सगळ्यांत जुने फिटर. मला पितळेचा डाख लावायला त्यांनीच शिकवलं, तेही हातावर फटके देऊन. ही सायकल त्यांची. म्हणजे मालकी मालकांची, पण पाच वर्षं रोज काम सुटल्यावर तासभर मागे थांबून त्यांनी ती घडवली होती. पुढच्या चिमट्यात दोन स्प्रिंगा. मागचं चाक सबंध एका बिजागरीवर, आणि सीटखाली मनगटाएवढी जाड तिसरी स्प्रिंग. खड्डा आला की चाकाने वरखाली व्हायचं, माणसाने जागेवर राहायचं, असा सगळा बेत. मागच्या स्प्रिंगेत धूळ जाऊ नये म्हणून काकांनी तिच्याभोवती कॅनव्हासची पिशवी शिवून टाकली होती, चारी बाजूंनी बंद.

माझं काम सोपं. शर्यती सोडल्यापासून मी नव्या सायकली दामटतो आणि त्यांचे दोष लिहून देतो. लोकांना हे काम गमतीचं वाटतं. त्यांनी एकदा करून बघावं.

मालकांची सासुरवाडी खामगावची. दर दिवाळीला तिकडे जाऊन आले की आठ दिवस कंबर धरून बसायचे. त्यामुळे महाराष्ट्रातला वाईटात वाईट रस्ता कुठला, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. "खामगावहून घाट चढून चिखली, तिथून मेहकर, मग लोणार," ते म्हणाले. "आणि वाटेत ती पिशवी उघडायची नाही. खेड्यातला माणूस काही ती उघडणार नाही, तेव्हा तूही उघडू नकोस. निकाल तारेने कळव. पास की नापास, बस." पास झाली तर शंभर सायकली करायच्या. नापास झाली तर मोडून नळ्या दुसऱ्या कामाला घ्यायच्या, आणि काकांनी पुन्हा त्या नादाला लागायचं नाही.

"खोटं लिहू नकोस," काका स्टेशनवर म्हणाले. "पण नीट बघ."

"मी बघूनच लिहितो," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला थोडा रागच आला होता. इतकी वर्षं मी काय डोळे मिटून लिहीत होतो?

जलंबला मोठी गाडी सोडून खामगावच्या लहान गाडीत बसलो. राज्य होऊन तीनेक वर्षं झाली होती. वऱ्हाड आता आपल्यातच, हे वाचून माहीत होतं, पण डब्यातलं बोलणं कळायला मला दोन स्टेशनं लागली. खामगावात उतरलो तर बाजारभर कापूस. गाड्यांवर कापूस, माणसांच्या मिशीत कापूस, चहाच्या कपातही एक तंतू. जिनिंगचा घरघराट आणि सरकीच्या तेलाचा वास दोन्ही डोक्यात बसतात, आणि थोड्या वेळाने कळेनासे होतात.

पोतं सोडलं तशी माणसं जमली. "हे काय हाय?" एका पागोटेवाल्याने विचारलं.

"सायकल."

"ते दिसून राह्यलं, बाप्पा. पण इले पोट काऊन आलं?" काऊन म्हणजे का. त्याचं बोट काकांच्या पिशवीवर होतं. सगळे हसले. मी उत्तर दिलं नाही. कसोटीच्या वेळी रस्त्यावरच्या माणसांना सायकल समजावत बसायचं नाही, असा माझा नियम होता. एकाला सांगावं तर दहा येतात, आणि दहांची दहा मतं. गुरुवारी सकाळी निघालो.

पहिला दिवस मी विसरणार नाही. घाटाखालचा रस्ता म्हणजे बैलगाड्यांच्या दोन चाकोऱ्या आणि मधे गवताची शेंडी. खडी कधीतरी टाकली असावी, आणि नंतर तिने आपापली जागा शोधली असावी. साध्या सायकलीवर अशा रस्त्याला दात वाजतात. इथे चाक खाली टकटक करत होतं आणि मी वर पाटावर बसल्यासारखा चाललो होतो. घाट चढताना मात्र स्प्रिंग माझा थोडा जोर खात होती, तेही वहीत लिहिलं. वर पठारावर आलो तर दोन्ही बाजूंना पुरुषभर ज्वारी. मुद्दाम रस्ता सोडून एका पांदणीत (शेतांमधली गाडीवाट) घुसलो, दगड बघून त्यांवरच चाक घातलं, एक ओहोळ बसल्या बसल्या उतरलो. 'मागची स्प्रिंग उत्तम,' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. मी रेघ सहसा मारत नाही.

वाटेत निदान सहा जणांनी हात केला. त्या मुलखात सायकलवाला एकटा जाणं म्हणजे विहिरीवर बसून पाणी न देण्यासारखं. "मांगं बसू द्या ना, भाऊ. दोन कोसाचा तं सवाल हाय." मांगं म्हणजे मागे. मी सगळ्यांना नाही म्हणालो. कसोटी एका माणसाच्या वजनाची होती. एक म्हातारा मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "पुण्याचा दिसते."

चिखली दोन मैलांवर असताना बाभळीचा काटा टायरमध्ये शिरला. सायकल ढकलत गावात आलो. बाजाराच्या तोंडाशी इमामभाईंचं दुकान. चाळिशीचा माणूस, पांढरी टोपी, आणि हात असे स्वच्छ की सायकलमिस्त्रीचे वाटू नयेत. एका गिऱ्हाइकाच्या सायकलीचा दांडा धरून ते ती हलवून पाहत होते. कुठे काही खुळखुळलं की तिथे पाना. रस्त्यावरची कुठलीही सायकल त्यांच्या दारातून खुळखुळत जाणार नाही, याबद्दल त्यांची ख्याती आहे, असं शेजारच्या चहावाल्याने मला न विचारता सांगितलं.

"पंक्चर काढा. सकाळी नेतो," मी म्हणालो.

त्यांनी सायकल मागून दाबली. ती वरखाली झाली. त्यांच्या कपाळाला आठी पडली, मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दुखणं अंगावर काढणाऱ्या पेशंटकडे डॉक्टर बघतात तसं. "कुठून आले इच्यावर?"

"खामगावहून."

"अशीच?"

"अशीच," मी म्हणालो, आणि धर्मशाळा शोधायला निघालो. मागून आवाज आला, "बेफिकीर राहा साहेब! नवी करून ठेवतो." मिस्त्री असं म्हणतातच. मी मागे वळलो नाही.

त्या संध्याकाळी खानावळीत भरीत आणि कळण्याची भाकर (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) खाल्ली. भरताने डोळ्यांतून पाणी काढलं. वाढणारी बाई म्हणाली, "तिखट झालं का? मिरची कमी टाकली होती." मी नाही म्हणालो आणि अजून एक भाकर घेतली.

शुक्रवारी सकाळी इमामभाईंनी सायकल पुसून, तेल घालून, घंटी घासून दारात उभी केली होती. पैसे पंक्चरचेच घेतले. मी निघालो आणि गावाबाहेरच्या पहिल्याच खड्ड्यात माकडहाड सीटवर आपटलं. पुढच्या स्प्रिंगा चालू होत्या, मागची मेली होती. उतरून सीट दाबली, वर चढून उड्या मारल्या, काही नाही. तिथे दगडावर बसून मी बराच वेळ त्या पिशवीकडे पाहिलं. टाके जागच्या जागी होते. उघडायची नाही, असं ठरलेलं होतं. आणि जी स्प्रिंग एका दिवसात अडकून बसते, ती का अडकली हे कळून खेड्यातल्या माणसाला काय फायदा?

मेहकरपर्यंतचे पंचवीस-तीस मैल मी रागातच तोडले. काकांवर राग, आदल्या दिवशीच्या त्या रेघेवर राग. मध्ये एका शेतात हुरड्याला बोलावलं, तेव्हा उभ्यानेच खाल्ला, कारण बसवत नव्हतं. शनिवारी सकाळी मेहकरच्या तारघराच्या दारात मी पहिला होतो. फॉर्मवर एक शब्द लिहिला: 'नापास.' तारबाबूंनी फॉर्म उलटा करून पाहिला. "एवढंच?"

"एवढंच."

वाईट वाटलं का? वाटलं. पण आपलं काम आपण चोख केलं, असंही वाटलं. त्या चोखपणाची मला पुढे लाज वाटली, म्हणून इथे लिहून ठेवतो.

लोणारचं तळं पाहायचंच होतं, म्हणून पुढे निघालो. तीनेक मैलांवर एक माणूस चालताना दिसला. पन्नाशीचा, गुडघ्यात वाकून चालणारा, खांद्यावर जाड चादरीत बांधलेलं ओझं. जवळ गेल्यावर कळलं, ते शिवणाच्या मशीनचं डोकं होतं. नाव तुळशीराम, फिरता शिंपी. लग्नसराईत घरोघरी जाऊन कपडे शिवायचे. मशीनचं टेबल ज्याच्या त्याच्या घरी, डोकं आपल्या खांद्यावर. लोणारला एका नवरदेवाचा कोट त्यांची वाट पाहत होता.

कसोटी संपली होती, नियमही संपला होता. "बसा," मी म्हणालो.

"मशीन घेऊन?"

"मशीन घेऊन."

ते मशीन मांडीवर घेऊन मागे बसले. पुढचा मैलभर दर खड्ड्याला मला मागून "अयायाया" ऐकू येत होतं. एका चढावर दोघंही उतरलो. मी ढकलत होतो, ते मागून हात लावत होते. नाक पिशवीजवळ.

"ही पिशवी कोनं शिवली?" त्यांनी विचारलं.

"आमच्या काकांनी. पुण्याला."

"अन् मंग इकून कोनं शिवली?"

"म्हणजे?"

"ही बाजू एका हाताची हाय. बारीक टाका, मेण लावेल दोरा. अन् ही बाजू दुसऱ्याच हाताची. टाका साफ हाय, पण लांब हाय, अन् उलट्या अंगानं घेतला. डावरा मानूस असन." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाले दिसलं नाई?"

मला दिसलं नव्हतं. मी त्या पिशवीकडे चांगली पंधरा मिनिटं पाहिलं होतं, आणि टाके आहेत एवढंच पाहिलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते खोटं नाही. आणि तेव्हाच आठवलं, इमामभाईंनी पाना डाव्या हातात धरला होता.

तुळशीरामभाऊंनी खिशातून कात्री काढली. टाके उसवले. आत स्प्रिंगेच्या पोटात बाभळीची पाचर होती. तासून, कोन मोडून, तेल पाजून इतकी घट्ट बसवलेली की दोघांना मिळून दगडाने ठोकून काढावी लागली. सायकल मागून हलते, म्हणजे ढिली आहे, असं त्या भल्या माणसाला वाटलं होतं. ढिलं दिसलं ते त्याने आवळलं, वर पिशवी होती तशी शिवून ठेवली, आणि त्याचा एक पैसा मागितला नाही. मागितला असता तर मला कळलं तरी असतं!

पाचर खिशात घातली आणि निघालो. आता मागून ओरडणं बंद झालं. थोड्या वेळाने इतकं शांत झालं की मी घाबरून मान वळवली. शिंपीबुवा मशीन मांडीवर, डोळे बारीक, एका हातात सुई आणि दुसऱ्या हातात दोरा.

"काय करता?"

"पाहून राह्यलो. समोर पाहा तुमी, पाडसान."

पहिल्यांदा हुकला. दुसऱ्यांदाही हुकला. तिसऱ्या खेपेला त्यांनी अशी आरोळी ठोकली की शेजारच्या शेतातली पाखरं उडाली. "ओवला! चालत्या सायकलीवर सुईत दोरा ओवला!" मी इतकी वर्षं अहवाल लिहितो. एवढा चांगला अहवाल मी कधी लिहिला नाही.

तारेची गोष्ट मी त्यांना सांगितली. ते म्हणाले, "मंग फिरा ना मांगं. मी जाईन पायी. सांगेल शब्द परत घ्याले उशीर करू नाई." सांगेल म्हणजे सांगितलेला.

मी घड्याळ पाहिलं. मेहकरला पोचेपर्यंत शनिवारचं तारघर बंद झालं असतं, किंवा नसतंही. जोर लावला असता तर कदाचित मिळालं असतं. पण मी हिशेब असा केला, की उद्या रविवार, कारखाना बंद. रविवारी कोण काय मोडतंय? सोमवारी सकाळी लोणारहून तार करू. दोन दिवसांत काय आभाळ कोसळतंय? मी त्यांना घेऊन लोणारला गेलो.

रविवार माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी एक. गावाच्या कडेला जमीन एकदम संपते आणि खाली भला थोरला गोल खळगा दिसतो, तळाशी हिरवट पाणी. आकाशातून दगड पडून झालं, असं शिकलेले लोक म्हणतात. गावात विचारलं तर लवणासुराचं नाव घेतात. धारेवर (डोंगरातून पडणारा पाण्याचा झरा) अंघोळ करून मी सायकल घेऊन खाली उतरलो. दगडी पायऱ्या, मग झाडीतली पायवाट, मुळं, गोटे, वानरं. मागचं चाक प्रत्येक मुळावर वर उचलायचं आणि अलगद टेकायचं. काठाला पाण्याचा उग्र वास होता, चिखल पांढरट होता, पडक्या देवळांजवळ मोर चरत होते. तळ्याला दोन वेढे घातले. एका जागी वाट ढासळली होती, तिथे माझी अक्कलही ढासळली आणि मी करवंदीच्या जाळीत जाऊन पडलो. सायकलीला ओरखडाही नाही. मी काटे काढत एकटाच हसत बसलो होतो. अकराची वेळ असेल. ती वेळ मला का आठवते, ते पुढे येईल.

सोमवारी दहाला लोणारच्या पोस्टातून तार केली. या वेळी शब्द वाचवले नाहीत. 'आधीची तार रद्द. सायकल उत्तम. चूक सायकलीची नाही, माझी. काकांना लगेच सांगा.'

परतीला सायकल एस.टी.च्या टपावर टाकली. चिखलीला गाडी अर्धा तास थांबत होती, तेवढ्यात इमामभाईंकडे गेलो आणि पाचर त्यांच्या हातात ठेवली. त्यांचा चेहरा फुलला. "चांगली बसली होती ना? जुन्या बाभयीची हाय. धा साल हलनार नाई."

मग मी सांगितलं. स्प्रिंग हलायलाच केली होती, कशासाठी केली होती, कुणी केली होती, किती वर्षं लागली. जे खामगावच्या बाजारात एका वाक्यात सांगता आलं असतं ते सगळं. ते ऐकता ऐकता खाली बसले. डाव्या हातात ती पाचर तशीच होती.

"साहेब," ते म्हणाले, "मले काऊन नाई सांगतलं? मी इचारलं होतं. अशीच आले का, म्हणून इचारलं होतं."

त्यांनी पाचर परत दिली. "काकासाहेबाले दाखवा. अन् माझा सलाम सांगा. म्हणा, मिस्त्रीनं नुकसान कराले नाई केलं." गाडीचा हॉर्न वाजला. मी त्यांना चहासुद्धा पाजला नाही.

पुण्याला कारखान्यात शिरलो तर गणूकाका साध्या सायकलीच्या चाकात तारा भरत बसले होते. त्यांच्या मागे भिंतीशी त्यांचे लोखंडी साचे असायचे. त्या साच्यांत धरूनच मागचा त्रिकोण डाखावा लागे, आणि त्यांवरच पाच वर्षं गेली होती. भिंत मोकळी होती.

"साचे?"

"कापले," काका म्हणाले. "मालकांनी शनिवारी संध्याकाळी तार दाखवली. म्हटलं, उगाच पोरांसमोर नको. रविवारी सकाळी येऊन कापून टाकले. अकरापर्यंत झालं सगळं."

"काका, एक दिवस थांबायचं! मला विचारायचं तरी!"

"तुला काय विचारायचं?" त्यांना खरंच कळलं नव्हतं. "तू लिहिलंस म्हणजे तसंच असणार."

त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. मी पाचर काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, सुईसकट. सुईचं ऐकून ते हसले. पाचर उलटसुलट केली, अंगठ्याने कोन पाहिला. "मापात आहे," ते म्हणाले. "न मोजता केलीय. चुकलं माझंच. झाकून ठेवलं म्हणून त्याला कळलं नाही. उघडं असतं तर असला माणूस एका नजरेत समजला असता."

मालक साचे पुन्हा करायला तयार होते, हेही सांगितलं पाहिजे. काका नाही म्हणाले. डोळे आता तेवढे राहिले नाहीत, आणि पाच वर्षं कुठून आणू, म्हणाले. त्यांनी सायकलीची पिशवी कापून काढली, पोतं गुंडाळलं, आणि एका गाठीतच बांधून ती रेल्वेने तुळशीराम शिंप्यांना पाठवून दिली. त्या बनावटीची ती एकच सायकल झाली.

तेव्हापासून माझ्याकडे कुठलीही सायकल आली की झाकलेलं असेल ते मी आधी उघडतो, आणि रस्त्यात कुणी विचारलं की थांबून सांगतो. यात उशीर होतो. मालक कुरकुरतात.

फाल्गुनात लोणारहून एक कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. काकांना बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवलं. 'सायकल मजेत हाय. मशीन मांगं बांधतो. गुडघे बरे हायेत. चिखलीले गेलो होतो, इमामभाईच्या दुकानावर घंटाभर थांबलो. त्यानं चारी अंगानं फिरून पाह्यली, दाबून पाह्यली. हात जोडले, पाना नाई लावला.'

"शेवटचं पुन्हा वाच," काका म्हणाले. मी पुन्हा वाचलं.